स्टीम प्लेटेस्ट छोट्या स्टुडिओला कितपत पुरते?

दोन-चार जणांचा स्टुडिओ, दीड-दोन वर्षं चाललेलं काम, आणि गेम आता बाहेरच्या माणसाच्या हातात द्यायची वेळ आलेली. अशा वेळी पहिलं नाव निघतं ते स्टीम प्लेटेस्टचं, म्हणजे स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात अपुरा गेम लोकांना खेळून बघायला द्यायच्या सोयीचं. स्टीम चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने ही सुविधा २०२० च्या अखेरीस आणली. निकाल आधीच सांगून टाकतो: फुकट आहे, भरवशाची आहे आणि पीसीसाठी गेम करणाऱ्या प्रत्येक छोट्या स्टुडिओने वापरावी. फक्त तिलाच युजर रिसर्च, म्हणजे खेळाडूंचा नीट अभ्यास, समजू नये. खेळाडू कुठे थांबला हे तिच्या आधाराने शोधता येतं. तो का थांबला हे कळायला कुणीतरी त्याच्या स्क्रीनकडे, जमलं तर त्याच्या हातांकडे, बघत बसावंच लागतं. ते काम स्टुडिओने स्वतः करावं की पैसे देऊन करून घ्यावं, हा या परीक्षणाचा दुसरा अर्धा भाग आहे.

सुविधा म्हणून कशी आहे

स्टीमवर्क्समध्ये, म्हणजे गेम बनवणाऱ्यांसाठीच्या स्टीमच्या व्यवस्थेत, मूळ गेमला जोडलेला एक वेगळा ॲप-आयडी (ओळख क्रमांक) तयार होतो. त्याची वेगळी फी नाही. मूळ गेम स्टीमवर आणण्यासाठी स्टीम डायरेक्टचे १०० डॉलर भरलेले असतात तेवढेच. स्टोअर पेज सार्वजनिक झालं की त्याच पेजवर प्लेटेस्टसाठी नाव नोंदवायचं बटण दाखवता येतं. मर्यादित प्रकारात किती जणांना कधी आत घ्यायचं ते स्टुडिओ ठरवतो. खुल्या प्रकारात येईल त्याला लगेच प्रवेश. गेम उघडायचे कोड (कीज) ईमेलवरून वाटत बसावं लागत नाही, त्यामुळे ते भलत्याच साइटवर विकायला गेल्याचं दुःखही नाही. प्लेटेस्ट खेळणाऱ्याला रिव्ह्यू लिहिता येत नाही आणि त्याचे तास मूळ गेमच्या खात्यात जमा होत नाहीत. अर्धंकच्चं बिल्ड, म्हणजे गेमची त्या वेळची चालती आवृत्ती, दाखवायला मन धजतं ते यामुळेच. पैसे मात्र कुठल्याही रूपात घेता येत नाहीत, आणि ते योग्यच आहे.

डेमो, अर्ली ॲक्सेस आणि प्लेटेस्ट यांची गल्लत बरेच जण करतात. अर्ली ॲक्सेस म्हणजे अपुऱ्या गेमची विक्री. तिथे पहिल्या दिवशीचे वाईट रिव्ह्यू कायमचे चिकटतात. डेमो म्हणजे जाहिरात. त्याला स्वतंत्र पेज दिलं तर त्यावरही रिव्ह्यू येतात. नेक्स्ट फेस्ट या स्टीमच्या डेमो-महोत्सवात एका गेमला एकदाच भाग घेता येतो, त्यामुळे शिकवणीचा भाग, म्हणजे ट्युटोरियल, फसलेला आहे हे तिथे पहिल्यांदा कळणं फार महागात पडतं. प्लेटेस्ट या सगळ्याच्या आधी घ्यायची. आणि लक्ष पहिल्या दोन तासांवर ठेवायचं, कारण स्टीमवर घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि २ तासांपेक्षा कमी खेळलेला गेम सहज परत करता येतो. तिसऱ्या तासातली सुंदर पातळी पहिल्या वीस मिनिटांत वैतागलेल्या माणसापर्यंत पोचतच नाही.

कुठे फसते

सगळ्यात मोठी चूक म्हणजे नाव नोंदवलेल्या सगळ्यांना एकदम आत घेणं. एक माणूस तुमचा गेम पहिल्यांदा एकदाच बघतो. त्याने शिकवणी एकदा पार केली की तो त्या भागासाठी तुमच्या उपयोगाचा राहिला नाही. दुरुस्त केलेली शिकवणी त्याला सोपी वाटणारच, कारण उत्तर त्याला माहीत असतं. नवखे डोळे ही छोट्या स्टुडिओची खरी पुंजी आहे, आणि ती पैशांइतक्याच काटकसरीने खर्चायला हवी. पहिल्या खेपेला चाळीस-पन्नास जण घ्या, आठवडाभर थांबा, दुरुस्ती करा, मग पुढचे घ्या. बोलावलेल्यांपैकी बरेच जण गेम उतरवूनच घेत नाहीत, तेव्हा बोलावले किती हा आकडा विसरा आणि पहिली पातळी सुरू केलेले किती तेवढं मोजा.

दुसरी गोष्ट, येणारे लोक कोण असतात? जे तुमच्या पेजपर्यंत आले, ट्रेलर बघितला आणि बटण दाबलं, ते. म्हणजे हा प्रकार आधीच आवडणारे. डेकबिल्डर, म्हणजे पत्त्यांचा संच जमवत खेळायचा गेम, असेल तर त्यांनी असे दहा गेम कोळून प्यायलेले असतात. कार्ड ओढून टाकायचं असतं हे त्यांना सांगावं लागत नाही, म्हणून तुमची शिकवणी उत्तम आहे असा भ्रम होतो.

तिसरी अडचण तांत्रिक आहे आणि ती आधीच माहीत हवी: स्टीम तुम्हाला खेळाडूंचे ईमेल देत नाही. कुणी पाचव्या मिनिटाला गेम बंद केला आणि त्याला विचारावंसं वाटलं, तरी त्याच्यापर्यंत पोचायची वाट नसते. ती वाट बिल्डमध्येच ठेवावी लागते. मुख्य मेनूत आणि बाहेर पडताना, दोन्हीकडे एक बटण: ‘आमच्याशी अर्धा तास बोलाल का?’ ते बटण फॉर्म उघडतं. त्या दुव्यात बिल्ड क्रमांक आणि त्या खेपेचा सांकेतिक क्रमांक आपोआप भरलेला असावा. तो नसेल तर आलेलं उत्तर कुठल्या बिल्डबद्दल आहे हे दोन आठवड्यांनी कुणालाच सांगता येत नाही.

नोंदीसुद्धा स्टीम ठेवून देत नाही, त्या गेमनेच लिहायच्या. फार नको, दहा-बारा घटना पुरतात. गेम सुरू झाला, शिकवणीची प्रत्येक पायरी पूर्ण झाली, खेळाडू कुठे मेला, सेटिंग्ज उघडल्या, पातळी संपली, गेम नीट बंद झाला. शिवाय दर ३० सेकंदांनी एक नोंद: खेळाडू आत्ता कुठे आहे. ‘सुरू झाला’ आहे पण ‘नीट बंद झाला’ नाही, असं दिसलं तर गेम बहुधा कोसळला किंवा कॉम्प्युटरच गोठला, आणि शेवटची अर्ध्या मिनिटाची नोंद जागा दाखवते. एवढं नसेल तर कंटाळून गेलेला आणि क्रॅश होऊन बाहेर फेकला गेलेला, हे दोघे आकड्यांत सारखेच दिसतात, आणि दोघांचा इलाज मात्र पूर्ण वेगळा असतो.

फॉर्ममध्ये सहापेक्षा जास्त प्रश्न नकोत. ‘मजा आली का?’ हा प्रश्न काढून टाका. फुकट गेम देणाऱ्याला लोक नाही म्हणत नाहीत. ‘विकत घ्याल का?’ हाही काढा, खिशात हात घालायची वेळ नसताना होकार स्वस्त असतो. त्याऐवजी विचारा: शेवटची दहा मिनिटं तुम्ही काय करायचा प्रयत्न करत होतात? कुठल्या क्षणी गेम बंद करावासा वाटला? हा गेम कसा आहे, हे मित्राला कसं सांगाल? तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरांत तुमच्या गेमची मुख्य कल्पनाच येत नसेल, तर ती खेळाडूपर्यंत पोचलेली नाही.

‘शत्रू फार अवघड आहे’

एवढं सगळं नीट केलं तरी एक दरी उरते. ती कशी असते हे एका नेहमीच्या प्रसंगातून दिसतं.

नोंदी सांगतात की दुसऱ्या पातळीच्या पहिल्या मोठ्या शत्रूपाशी निम्मे लोक तीन-चारदा मरतात आणि सोडून जातात. फॉर्ममध्ये लिहिलेलं असतं, शत्रू फार अवघड आहे. दोन पुरावे एकमेकांना दुजोरा देताहेत असं वाटतं. स्टुडिओ शत्रूची ताकद २० टक्क्यांनी कमी करतो.

आता तोच प्रसंग शेजारी बसून बघा. खेळाडू शत्रूपाशी येतो. शत्रू हात उचलतो, खेळाडू मागे-मागे चालत जातो, मार खातो. परत तेच. चौथ्यांदा तो खुर्चीत पुढे सरकतो, डाव्या हाताची बोटं कीबोर्डवर चाचपडतात, स्पेस दाबून बघतो, उडी मारतो, मरतो. बाजूला उडी घेऊन वार चुकवायचं बटण त्याने एकदाही दाबलेलं नाही. पाच मिनिटं मागे जाऊन रेकॉर्डिंग पाहिलं की कारण सापडतं: शिफ्ट दाबून वार चुकवा, ही सूचना पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात तीन सेकंद आली होती, आणि त्याच तीन सेकंदांत वर गेममधल्या एका म्हातारीचा संवाद सुरू होता. त्याचे डोळे संवादावर होते. सूचना आली आणि गेली.

शत्रू अवघड नव्हताच. खेळाडूकडे त्या लढाईचं निम्मं हत्यार नव्हतं. ताकद कमी केल्याने हा खेळाडू कसाबसा पुढे जाईल, पुढच्या शत्रूपाशी अडकेल, आणि ज्यांना ते बटण सापडलं होतं त्यांची लढाई मात्र पचकट होईल. खरी दुरुस्ती अर्ध्या दिवसाची आहे: संवाद संपल्यावर सूचना दाखवा, आणि खेळाडूने ते बटण एकदा दाबेपर्यंत ती हलवू नका.

आकडे आणि फॉर्म खोटं बोलले नव्हते. खेळाडूने त्याला जाणवलं ते लिहिलं. जे त्याला दिसलंच नाही ते तो लिहिणार कुठून?

बघत बसण्याचं काम

हे काम स्टुडिओला स्वतः करता येतं. सहा जण पुरतात. एक जण ऐनवेळी येत नाही म्हणून सात बोलवा. वापरायला सोपं काय याचे अभ्यासक जेकब नील्सन आणि थॉमस लँडाउअर यांचं १९९३ चं गणित प्रसिद्ध आहे: एक अडचण एका माणसाला जाणवण्याची शक्यता सरासरी ३१ टक्के धरली तर पाच जणांत सुमारे ८५ टक्के अडचणी सापडतात. गेममध्ये हे सरसकट लावू नये. फांद्या फुटणाऱ्या मोठ्या गेममध्ये दोन खेळाडू एकाच ठिकाणी जातीलच असं नाही. पण पहिल्या तासासाठी, जिथे सगळे एकाच वाटेने जातात, ते चांगलं लागू पडतं.

माणसं निवडताना ‘तुम्हाला असे गेम आवडतात का?’ असं विचारलं की मानधनासाठी सगळे हो म्हणतात. ‘गेल्या तीन महिन्यांत खेळलेले तीन गेम आणि कशावर खेळलात’ असं विचारा. घरचे, मित्र, आणि पुण्या-मुंबईत गेम बनवणारी ओळखीची मंडळी टाळा. ‘भारी झालंय रे’ ऐकून काहीच हाती लागत नाही, आणि स्वतः गेम बनवणारा माणूस खेळण्याऐवजी सल्ले देत बसतो. इथल्या खेळाडूला मराठी, हिंदी, इंग्रजी जसं तोंडात येईल तसं बोलू द्या. इंग्रजीतच बोलायला लावलं की तो वाक्यं जुळवण्यात गुंततो आणि मनात आलेलं तिथेच राहतं. गेम मुख्यतः अमेरिकेत विकायचा असेल तर सहापैकी निदान तीन जण तिकडचे घ्या. उन्हाळ्यात आपल्याकडे रात्रीचे ९ म्हणजे न्यूयॉर्कला सकाळचे साडेअकरा, जमतं.

एक सत्र तासाभराचं. पाच मिनिटं ओळख आणि संमती, चाळीस मिनिटं खेळ, पंधरा मिनिटं गप्पा. सुरुवातीला एवढंच सांगा: परीक्षा गेमची आहे, तुमची नाही, मनात येईल ते मोठ्याने बोला. त्यानंतर गप्प बसा. सगळ्यात कठीण भाग हाच, विशेषतः ज्याने ती पातळी स्वतः रचली आहे त्याच्यासाठी. खेळाडू ‘आता काय करू?’ म्हणाला की उत्तर एकच, ‘तुम्हाला काय करावंसं वाटतंय?’ तीन मिनिटं पूर्ण अडकला तरच मदत, आणि मदत केली ती वेळ नोंदवून ठेवायची, कारण तिथे गेम हरलेला असतो.

रेकॉर्डिंगसाठी ओबीएस हे सॉफ्टवेअर फुकट आहे. १०८०पी, ३० फ्रेम, ६००० केबीपीएस ठेवलं तर तासाला साधारण २.७ जीबी जागा लागते. फाइल एमकेव्ही प्रकारात ठेवा. मध्येच कॉम्प्युटर बंद पडला तरी तोवरचं रेकॉर्डिंग वाचतं, एमपी४ बहुतेक वेळा जातं. गेमचा आवाज आणि माइक वेगवेगळ्या ट्रॅकवर घ्या, नाहीतर तलवारींच्या खणखणाटात खेळाडू काय पुटपुटला ते कळत नाही. लांबच्या खेळाडूला डिस्कॉर्डवर स्क्रीन दाखवायला सांगितलं की काम भागतं, पण फुकट खात्यात चित्र ७२०पी असतं. बारीक अक्षर वाचता येतं का, हे त्यावरून ठरवू नका. ते स्टीम डेकवर, म्हणजे व्हॉल्व्हच्या हातात धरून खेळायच्या यंत्रावर, तपासा: १२८० बाय ८०० वर अक्षराची उंची ९ पिक्सेलपेक्षा कमी असेल तर डेकची पूर्ण मान्यता मिळत नाही.

संमतीपत्र एका पानाचं, पण हवंच: काय रेकॉर्ड होईल, कोण बघेल, कधी पुसलं जाईल. भारताचा २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा १८ वर्षांखालच्या प्रत्येकाला बालक मानतो आणि पालकांची पडताळता येईल अशी संमती मागतो. छोट्या स्टुडिओने पहिल्या फेरीत १८ च्या वरचेच घ्यावेत, गेम मुलांसाठीचा नसेल तर.

पैसे देऊन करून घ्यायचं तर

बाजारात तीन प्रकार आहेत. मोठ्या प्रयोगशाळा, उदाहरणार्थ ब्रायटनची प्लेयर रिसर्च, जी २०१६ पासून कीवर्ड्स स्टुडिओज या गेम-सेवा कंपनीचा भाग आहे. काम उत्तम, पण त्यांची मांडणी मोठ्या बजेटला साजेशी. दुसरा प्रकार ऑनलाइन सेवांचा. जर्मनीतली प्लेटेस्टक्लाउड मुख्यतः मोबाइल गेमसाठी ओळखली जाते: खेळाडू घरी आपल्या फोनवर खेळतो, मोठ्याने बोलतो, बोट कुठे टेकलं ते व्हिडिओत दिसतं, शेवटी प्रश्नावली. मोबाइलवरचा कोड्यांचा गेम असेल तर हा पैसा सार्थकी लागतो. मात्र कुणी अडकल्यावर त्याच क्षणी एक प्रश्न विचारायची सोय नसेल तर ‘का’चा काही भाग हुकतोच, आणि व्हिडिओ बघून अर्थ लावायचं काम तुमच्याच गळ्यात असतं. सहा व्हिडिओ म्हणजे सहा तास बघणं आणि निदान तेवढेच तास नोंदी.

तिसरा प्रकार म्हणजे एकटा संशोधक, छोट्या स्टुडिओसाठी आठवडा-दीड आठवड्याचं काम घेणारा. दोन-चार जणांच्या पीसी स्टुडिओला आमच्या मते हाच सगळ्यात उपयोगी पडतो, माणूस नीट पारखून घेतला तर. पारखायचं कसं? पहिल्या भेटीत तो काय विचारतो ते बघा. ‘तुम्हाला आत्ता कुठला निर्णय घ्यायचा आहे?’ असं विचारणारा कामाचा. गेम न बघताच पन्नास प्रश्नांची प्रश्नावली पुढे करणारा नाही. मागच्या कामाचा अहवाल, नावं झाकून, मागा. चांगल्या अहवालात प्रत्येक अडचणीला चार गोष्टी असतात: काय दिसलं, सहापैकी किती जणांत दिसलं, कारण काय असावं, आणि त्याने खेळाडूचं काय बिघडलं. शेजारी वीस-तीस सेकंदांची चित्रफीत. ‘६७ टक्के खेळाडूंना मेनू आवडला नाही’ असं लिहिलेलं दिसलं आणि खेळाडू सहाच होते, तर तो चार जणांना टक्केवारीचा मुलामा देतोय. दुसरा माणूस शोधा. बटण लाल करा, शत्रू लहान करा, अशा फर्मानांनी भरलेला अहवालही नको. उपाय शोधणं हे गेम बनवणाऱ्याचं काम आहे, संशोधकाने दुखणं अचूक दाखवायचं.

करारात तीन गोष्टी लिहून घ्या. मूळ रेकॉर्डिंग तुम्हाला मिळतील. खेळाडूंचं मानधन कोण देणार, कारण ते बहुतेकदा फीमध्ये धरलेलं नसतं. भारतात तासाभराच्या सत्राला ५०० ते १००० रुपये देणं रास्त आहे. आणि निदान दोन सत्रांना स्टुडिओतले सगळे जण आवाज बंद ठेवून हजर असतील. ही तिसरी अट संशोधकाच्या नव्हे, तुमच्या भल्याची आहे. चाळीस पानांच्या अहवालाने न हलणारा प्रोग्रामर, एक माणूस सात मिनिटं त्याच दाराशी घुटमळताना बघितला की त्याच संध्याकाळी दुरुस्ती करतो.

सहा सत्रं सलग संपवून मग दुरुस्ती करायची, असंही नाही. एज ऑफ एम्पायर्स २ च्या शिकवणीवर मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी वापरलेली राइट (RITE) ही पद्धत २००२ मध्ये प्रसिद्ध झाली: अडचण आणि तिचा उपाय दोन्ही स्पष्ट असतील तर एकाच खेळाडूनंतर बदल करा आणि पुढच्याला बदललेलं बिल्ड द्या. हॅलो ३ साठी त्याच कंपनीने सुमारे ६०० खेळाडूंचे ३००० हून अधिक तास तपासले. ते तुमच्या आवाक्यातलं नाही, पण राइट पद्धत आवाक्यात आहे, कारण दोन-चार जणांच्या स्टुडिओत परवानगी मागायला कुणाकडे जावं लागत नाही. सोमवारी दोन सत्रं, मंगळवारी दुरुस्ती, बुधवारी दोन, गुरुवारी दुरुस्ती, शुक्रवारी दोन. प्रत्येक बिल्डला वेगळा क्रमांक द्या आणि आदल्या रात्री स्वतः एकदा पूर्ण खेळून बघा. घाईच्या दुरुस्तीने सेव्ह फाइल मोडलेलं बिल्ड घेऊन सत्राला बसलात तर एक नवखा खेळाडू वाया जातो.

या आठवड्यानंतर स्टीम प्लेटेस्टची पहिली खेप उघडा, आधी नाही. सहा जणांत सापडलेल्या ढोबळ अडचणी तोवर गेलेल्या असतात, आणि चाळीस-पन्नास जणांच्या नोंदींत उरतात त्या सहा जणांत न दिसणाऱ्या गोष्टी: जुन्या ग्राफिक्स कार्डवरचा अडखळता वेग, कंट्रोलर जोडल्यावर हरवलेला मेनू, दुसऱ्याच कीबोर्ड मांडणीवर भलतीकडे गेलेली बटणं. या गोष्टी शोधायला स्टीम प्लेटेस्टइतकी चांगली फुकट सोय दुसरी नाही. नाव नोंदवून थांबलेले जे उरतील त्यांना शेवटच्या बिल्डसाठी राखून ठेवा, नेक्स्ट फेस्टच्या निदान सहा आठवडे आधी त्यांना आत घ्या, आणि बाहेर पडायच्या पडद्यावर विशलिस्टचं, म्हणजे पुढे घ्यायच्या गेमच्या यादीत टाकायचं, बटण विसरू नका. प्लेटेस्टला नाव नोंदवणं आणि विशलिस्टमध्ये टाकणं या स्टीमवर दोन वेगळ्या याद्या आहेत.